कुंभाराचं गाढव आणि मेंदूतलं कॅल्शियम

मंडळी, आम्ही तत्त्वज्ञानाचे, आणि आजचा विषय मेंदूतल्या पेशींचा. तरी घेतला, कारण त्यात एक जुना प्रश्न आहे: 'कारण' कशाला म्हणायचं?

मेंदूत चेतापेशींच्या जोडीला साधारण तेवढ्याच ग्लिया पेशी असतात. रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५६ मध्ये हे नाव दिलं. ग्लिया म्हणजे सरस, चिकटवायचा पदार्थ. यांतल्या ताऱ्यासारख्या फांद्यांच्या पेशी म्हणजे ॲस्ट्रोसाइट. त्या चेतापेशींसारखे विजेचे स्पंद पाठवत नाहीत, म्हणून त्यांना मुकं समजलं गेलं. मग १९९० मध्ये ॲन कॉर्नेल-बेल आणि सहकाऱ्यांनी बशीत वाढवलेल्या या पेशींवर ग्लुटामेट टाकलं. पेशींच्या आत कॅल्शियम वाढलं आणि ती वाढ लाटेसारखी शेजारी पसरली.

हे घडतं कसं? चेतापेशीनं सोडलेलं ग्लुटामेट ॲस्ट्रोसाइटच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक-रेणूवर बसतं. आत आयपी-थ्री नावाचा रेणू तयार होतो, तो पेशीतल्या साठ्याचं दार उघडतो आणि कॅल्शियम बाहेर पडतं. लाट सेकंदाला मिलिमीटरचा काही शतांश भागच सरकते. चेतातंतूतला संदेश तेवढ्यात काही मीटर जातो. म्हणजे ही बोली फार सावकाश, बरं का!

१९९४ मध्ये दिसलं की ॲस्ट्रोसाइटमध्ये कॅल्शियम वाढलं की शेजारच्या चेतापेशीतही वाढतं. मग ॲस्ट्रोसाइट चेतापेशींशी बोलतात, असं म्हणायचं का? थांबा. रिठदच्या शिवारात पाऊस पडला की बेडूक ओरडतात आणि सोयाबीन उगवतं. बेडकांमुळे सोयाबीन उगवलं, असं कोणी म्हणत नाही. नैयायिक सांगतात, मडक्याला माती लागते, चाक लागतं, दांडा लागतो. माती वाहून आणणारं गाढव मात्र 'अन्यथासिद्ध'. ते हजर असतं, पण कारण नव्हे. पारख अन्वय-व्यतिरेकानं: ते असताना कार्य होतं का, आणि ते काढलं तर थांबतं का?

२०१० मध्ये दोन प्रयोग झाले, दोन्ही स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागावर. एकात ॲस्ट्रोसाइटमधलं कॅल्शियम रोखून धरलं, तर चेतापेशींची जोडणी बळकट होणं थांबलं. बाहेरून डी-सेरीन दिल्यावर ते परत सुरू झालं. दुसऱ्यात उंदरांमध्ये कॅल्शियम वाढवलं, साठ्यातून सुटणंही बंद केलं, तरी फरक पडला नाही. एका प्रयोगात तो दांडा ठरला, दुसऱ्यात गाढव!

पुढे कळलं की साठ्याचं दार बंद केल्यावरही बारीक फांद्यांमध्ये कॅल्शियमचे छोटे चढउतार चालूच राहतात. म्हणजे दुसऱ्या प्रयोगात व्यतिरेक पुरा झाला नव्हता. २०१३ मध्ये असंही दिसलं की ज्या ग्राहकावर ही कथा उभी होती, तो उंदराच्या पिल्लात भरपूर असतो आणि प्रौढात जवळपास नाहीसा होतो. म्हणजे पिल्लात सापडलेलं कारण प्रौढाला लावता येईलच असं नाही.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. अपस्मारासारख्या आजारांवर ॲस्ट्रोसाइटच्या वाटेनं औषध शोधलं जातं. गाढवाला औषध पाजून मडकं सुधारत नाही. म्हणून 'अमुक पेशी उजळल्या' असं वाचलं की आपण तीन प्रश्न विचारू या: काढल्यावर काय झालं? एकट्यानं आणल्यावर काय झालं? आणि हे कोणत्या वयात, पेशीच्या कोणत्या भागात पाहिलं?