लूनचे खण

वाचनालयाचं दप्तर संगणकावर आणणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. देवघेवीच्या एक लाख नोंदींतून कोणतं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं, ते त्यांना मोजायचं होतं. पायथॉनमध्ये चार ओळी लिहिल्या. चहा पिऊन आले तरी प्रोग्रॅम चालूच. ‘नवा संगणक घ्यावा का?’

मुळीच नको. त्यांनी प्रत्येक नोंदीसाठी लिस्टच्या ‘काउंट’ला हाक मारली होती, आणि ‘काउंट’ दर हाकेला यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतो. लाख गुणिले लाख म्हणजे एक हजार कोटी तुलना! नवा संगणक हीच हमाली थोडी लवकर उरकेल, इतकंच.

जुन्या छापखान्यातला जुळारी आठवा. ‘क’चा खिळा हवा म्हणून तो सगळी केस उपसत नसे. अक्षर दिसलं की हात आपसूक त्याच्या खणात जाई. शोधायची वस्तूच आपला पत्ता सांगते, अशी ही सोय.

संगणकाला ही खुबी शिकवली हान्स पीटर लून या जर्मन माणसाने. मूळचा कापडधंद्यातला; कापडातले धागे मोजायचं त्याचं ‘लूनोमीटर’ प्रसिद्ध होतं. (मोजणी त्याच्या हाडीमाशी खिळलेली असावी!) पुढे अमेरिकेत आयबीएममध्ये असताना, जानेवारी १९५३ मध्ये त्याने एक अंतर्गत टिपण लिहिलं. त्यातली युक्ती कागदावर करून पाहा. १२३४५६७८९० या आकड्याच्या जोड्या पाडा : १२, ३४, ५६, ७८, ९०. प्रत्येक जोडीतले अंक मिळवा आणि दहंचा अंक टाकून द्या. उरतात ३, ७, १, ५, ९. म्हणजे हा आकडा ३७१५९ क्रमांकाच्या खणात. पुन्हा हवा असेल तेव्हा तेवढाच खण उघडायचा.

चाणाक्ष वाचक विचारतील, २१४३६५८७०९ चं काय? तोही त्याच खणात! लूनने अशा सोबत्यांची साखळी करायला सांगितलं. पायथॉन मात्र साखळी न करता ठरलेल्या नियमाने दुसरा खण गाठतो. कोणी मुद्दाम सगळा माल एकाच खणात कोंबून यंत्र अडवू नये म्हणून २०१२ च्या ३.३ आवृत्तीपासून पायथॉन अक्षरमजकुराचे पत्ते प्रोग्रॅम सुरू होताना दर वेळी नव्याने पिसतो.

टिपण कंपनीतच राहिलं. ही कल्पना छापून आली ती १९५६ मध्ये, आर्नल्ड ड्युमी यांच्या लेखात. लूनचं नाव आज निघतं ते क्रेडिट कार्डाच्या क्रमांकातला शेवटचा तपासणीचा अंक काढण्याच्या सूत्रामुळे. पण पायथॉनचे ‘डिक्शनरी’, ‘सेट’ आणि ‘काउंटर’ हे तिघेही खणांच्याच जिवावर जगतात, हे फारसं कोणी सांगत नाही.

पत्रलेखकांनी ‘काउंटर’ वापरावा. तो यादीवरून एकदाच फिरतो, प्रत्येक शीर्षकाच्या खणात एक मिळवतो आणि पुढे जातो. एक लाख नोंदी, एक लाख पावलं. वीस-पंचवीस नोंदी असतील किंवा एकाच पुस्तकाची मोजणी हवी असेल, तर मात्र साधा ‘काउंट’ बेलाशक चालवा.

एक काम यंत्रावर सोपवू नका. ‘श्यामची आई’ आणि ‘शामची आई’ ही त्याच्या लेखी दोन वेगळी पुस्तकं आहेत. मोजणीआधी शुद्धलेखन आपणच तपासायचं.