रिकामं ताट परत जात नाही

बँकांचं आर्थिक वर्ष पूर्वी ३१ डिसेंबरला संपायचं. १९८९पासून ते ३१ मार्चवर गेलं. आजच्या तरुण बँकवाल्यांना ही गोष्ट सांगितली की, आजोबा काहीतरी शिवकालीन सांगताहेत अशा चेहऱ्याने ते ऐकून घेतात. पण आमच्या पिढीतल्या बँक नोकरांचा नाताळ कसा जायचा, हे कळायला एवढं ठाऊक असावंच लागतं. ज्या आठवड्यात लोक वाटत असत, त्या आठवड्यात आम्ही मोजत असू. बचत खात्यांचं सहामाही व्याज हाताने काढायचं. त्यासाठी दर महिन्याची दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरायची. मग एकामागून एक लेजर जुळवायचं, आणि रात्री अकरा वाजता चौदा रुपये तीस पैशांचा फरक निघाला की पुन्हा पहिल्या पानावर यायचं.

१९८२ साली माझी बदली वसईला झाली. मी देशावरचा. ख्रिस्ती माणूस म्हणजे सुटाबुटातला आणि इंग्रजी बोलणारा, अशी माझी चित्रपटांवर पोसलेली समजूत. शाखेत पहिल्याच आठवड्यात लाल लुगडं नेसलेल्या, अंगावर ठसठशीत सोनं ल्यालेल्या एक आजीबाई आल्या आणि चांगल्या खणखणीत मराठीत त्यांनी पासबुकातल्या व्याजाचा हिशेब मागितला. आडनाव पोर्तुगीज, बोली सामवेदी, व्यवसाय पानवेली आणि केळीच्या बागांचा. दसरा-दिवाळीला दादरच्या फुलबाजारातून आपण जी फुलं आणतो, त्यांतली पुष्कळशी याच वाड्यांमधून पहाटेच्या गाडीने गेलेली असत. आपल्या देव्हाऱ्यातला मोगरा कुणी खुडला, याचा विचार आपण सहसा करत नाही.

१५३४ सालच्या २३ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दोन दिवस आधी, गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा मुलूख तहाने पोर्तुगीजांच्या हवाली केला. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला सर केला आणि पोर्तुगीज गेले. माणसं राहिली. वाड्या, विहिरी, चर्चं राहिली. आणि शब्द राहिले. ‘नाताल’ म्हणजे पोर्तुगीजमध्ये जन्म. त्याचाच आपला नाताळ. तिजोरीची चावी पोर्तुगीज आणि पहिल्या तारखेचा पगारही पोर्तुगीज, हे मला वसईत कळलं. बँकेत नोकरी करणाऱ्याने त्या भाषेचं इतकं देणं तरी मान्य करायला हरकत नाही.

तर त्या डिसेंबरात, २४ तारखेच्या संध्याकाळी, आम्ही आकड्यांत बुडालेले असताना शाखेच्या दारात ताटं यायला लागली. विणलेल्या पांढऱ्या रुमालाखाली झाकलेली. कुठलं ताट खातेदाराकडचं, कुठलं समोरच्या दुकानदाराकडचं, कुठलं आमच्याच रोखपालाच्या बहिणीचं. आत करंज्या, कुलकुल, केकचा तुकडा, आणि राजेळी केळ्यांची सुकेळी. आणणारी मुलं दहा-बारा वर्षांची. “बायने दिलंय” एवढंच म्हणायची आणि पळायची. त्यांना गोठा पुरा करायचा असायचा. वसईच्या गावांतून तरुण पोरं पेंढा, बांबू आणि माती घेऊन येशूजन्माचा देखावा उभारतात. असिसीच्या फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली जिवंत गाईगुरांसह गव्हाण मांडली, तेव्हापासून ही रीत रुळली असं मानतात. वसईच्या पोरांना त्याचं काही नसतं. शेजारच्या आळीपेक्षा आपला गोठा सरस व्हायला हवा, एवढंच. त्यात गवत दिसावं म्हणून काही घरांत आधीच डब्यात धान्य पेरून ठेवलेलं असतं. ते पाहिलं आणि मला आमच्या घरचा नवरात्रातला घट आठवला.

पहिल्या वर्षी मी ताटं रिकामी करून, धुऊन, शिपायाकडे परत द्यायला सांगितली. आमचे हेडक्लार्क वसईतच जन्मलेले, जुने गृहस्थ. ते म्हणाले, “साहेब, घाई कसली? राहू देत ती. संक्रांतीला लागतील.”

त्यांना जे म्हणायचं होतं ते आपल्या सगळ्या आया-आज्यांना पाठ होतं. शेजारचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर घालून द्यायची. वसईत नाताळची ताटं १४ जानेवारीला तिळगूळ घेऊन परत जायची. दिवाळीला फराळाची ताटं तिकडे जायची, ती नाताळपर्यंत तिथेच राहायची. वर्षभर कुणाचं ना कुणाचं ताट कुणाकडे तरी असायचंच. कुठलं कुणाचं ते काठावर कोरलेल्या नावावरून कळायचं. स्टीलच्या भांड्यावर नाव कोरण्यामागे आपल्या बायकांची मालकीहक्काची भावना असते असं मी समजत होतो. ती पत्त्याची सोय होती.

मी ज्या घरात भाड्याने राहत होतो, त्या घरमालकीणबाई सत्तरीच्या, सोवळ्यातल्या. आम्ही त्यांना आजी म्हणायचो. कांदा-लसूणही वर्ज्य, तिथे अंड्याचा केक कुठला! शेजारच्या वाडीतल्या ख्रिस्ती बाईंना हे पक्कं ठाऊक. त्या दरवर्षी नाताळला दोन वेगळ्या गोष्टी घेऊन यायच्या. आम्हा भाडेकरूंच्या पोरांसाठी भरलेलं ताट, आणि आजींसाठी केळीची फणी व सोललेला नारळ. ओट्यावर ठेवायच्या आणि हाक मारायच्या, “आजी, नाताळची केळी ठेवलीत हो!” आजी बाहेर येऊन त्यांना हळद-कुंकवाऐवजी अबोलीचा गजरा द्यायच्या. यात एकीने दुसरीला कमी लेखलंय, असं दोघींच्याही मनात यायचं नाही. माझ्या मनात यायचं, कारण मी चार पुस्तकं वाचली होती.

१९८४ सालच्या नोव्हेंबरात त्या शेजारच्या बाईंचे यजमान गेले. नाताळ आला तेव्हा त्यांच्या दारात कंदील नव्हता, चांदणी नव्हती. आमच्याकडेही घरात कुणी गेलं की त्या वर्षीच्या दिवाळीला फराळाचं तळत नाहीत; नातेवाईक आणि शेजारी आणून देतात. २४ तारखेला दुपारी आजींच्या स्वयंपाकघरातून तळणीचा वास यायला लागला. माझी पत्नी चकित होऊन विचारायला गेली. आजी म्हणाल्या, “तिच्याकडे यंदा कढई चढायची नाही. पोरं काय तोंड बघत बसतील?” संध्याकाळी त्या सत्तरीच्या बाई करंज्यांचं ताट घेऊन, स्वतः चालत, वाडीतल्या त्या घरी गेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना कुणाच्या घरी ताट घेऊन जाताना पाहिलं नव्हतं. त्या सून किंवा मोलकरीण पाठवायच्या. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बराच वेळ गेला आणि त्या परत आल्या तेव्हा अंधार पडला होता. वाडीतला मोठा मुलगा त्यांना बॅटरी दाखवत पोचवायला आला होता.

पुढल्या वर्षी आजींनी केक खाल्ला असेल असं कुणाला वाटलं असेल, तर तसं काही घडलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत केळी आणि नारळच घेतला. मला ते फार आवडतं. एकमेकांवर माया करायला आपल्या सवयी सोडाव्याच लागतात, हा आग्रह मला कधी पटलेला नाही. सवय कुठे आड येते आणि कुठे येत नाही, हे ज्याचं त्याला कळलं म्हणजे झालं.

नव्वदच्या दशकात तीन वर्षं मी गोव्यात, सासष्टीत होतो. तिथे या ताटाला नावच आहे: कोंसुआद. मूळ पोर्तुगीज शब्द नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाचा. गोंयकारांनी तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायच्या गोडाधोडाला लावला. डिसेंबरात तिथल्या बँकेत वेगळीच लगबग. आखातातून आणि बोटींवरून माणसं घरी आलेली, तारवटी म्हणतात ते, मुदतठेवी नव्या करायला रांगेत उभी. आणि घराघरांत दोदोल शिजत असलेला. तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ तांब्याच्या भांड्यात घालून तासन् तास घोटायचा. हे एकट्या बाईचं कामच नव्हे. दोन शेजारणी तरी हाताशी हव्यात. बिबिंकचंही तेच, एकेक थर भाजून झाल्यावरच पुढचा ओतायचा, घाई करणाऱ्याला तो पदार्थ जमत नाही. पण मला नवल वाटलं ते नेवरीचं. नेवरी म्हणजे आपली करंजी. चवथीला, म्हणजे गणपतीत, हिंदू घरांतून ती शेजारच्या ख्रिस्ती घरी जाते आणि नाताळला ख्रिस्ती घरातून हिंदू घरी येते. पदार्थ तोच. धर्म बदलला, राज्यं बदलली, पण सारणातलं खोबरं आणि वेलची काही बदलली नाही.

आता थोडं बँकवाल्याचं. कर्ज वेळेवर फिटलं की खातं बंद होतं, तारण सोडवलं जातं, आणि ग्राहकाशी आपला संबंध संपतो. आम्ही त्याला चांगलं खातं म्हणतो. शेजारच्या ताटाचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. तिथे परतफेड इतकी पुरी कधीच करायची नसते की खातं मिटेल. दिवाळीला दिलेलं ताट त्याच दिवशी, तेवढ्याच वजनाचा फराळ भरून परत आलं, तर देणाऱ्याला अपमान झाल्यासारखं वाटेल. थोडं देणं उरलेलं असावं लागतं. जुळवलेल्या लेजरांत आयुष्य काढलेल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागला, पण फरक शिल्लक ठेवूनही वही बरोबर असू शकते, हे मला या मंडळींनी शिकवलं.

आणखी एक देणं मी काउंटरच्या आतून पाहिलं. वसईच्या शाखेत एका विधवा बाईंचं शिलाई यंत्रासाठी घेतलेलं छोटं कर्ज थकलं होतं. नाताळच्या आठवड्यात एक गृहस्थ आले आणि त्या खात्याचे तीन हप्ते रोखीने भरून गेले. पैसे भरण्याच्या स्लिपवर जमा करणाऱ्याची सही लागते. त्यांनी अशी काही फिरकी मारली की वाचणाऱ्याने हार मानावी. जाताना एवढंच म्हणाले, “विचारलं तर सांगू नका.” बाई महिन्याभराने आल्या, पासबुक पाहिलं, विचारलं. बँकेचा गुप्ततेचा नियम इतक्या आनंदाने मी पुन्हा कधी पाळला नाही. सांताक्लॉज ज्याच्यावरून आला, तो निकोलस चौथ्या शतकात मायराचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या एका गावाचा, बिशप होता. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्याने रात्री खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी दंतकथा आहे. लाल टोपी, हरणं आणि दुकानांतली घंटा हे सगळं फार मागाहून आलं. मूळ गोष्टीत देणारा अंधारात उभा आहे.

परवा वसईला गेलो होतो. महानगरपालिका २००९मध्येच झाली. जिथे पानवेली होत्या तिथे काही ठिकाणी सात मजले उभे आहेत, वाड्यांतली तरुण मुलं कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात आहेत. हिरव्या वसईसाठी ज्यांनी रस्त्यावर उतरून झुंज दिली, ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, आणि २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४च्या जुलैत गेले. नाताळ विशेषांक मात्र दिवाळी अंकांसारखेच अजून निघतात, आणि मी ते आवर्जून घेतो. ताटांचं काय झालं, हे मी एका जुन्या खातेदारबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “ताट द्यायला शेजारी दार उघडावा लागतो. सुरक्षारक्षक म्हणतो, खाली ठेवून जा.” मग हसून पुढे म्हणाल्या, “मी वर जातेच. तिसऱ्या मजल्यावर जैन कुटुंब आहे. त्यांच्यासाठी बिनअंड्याचे कुलकुल वेगळ्या तेलात तळते.”

दुसऱ्याच्या सणाला शुभेच्छा द्याव्यात की नाही, यावर हल्ली वाद घालणारी माणसं भेटतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. तुमच्या लहानपणी शेजारचं ताट यायचं का, एवढंच विचारतो. बहुतेक वेळा पुढची दहा मिनिटं त्या ताटात काय असायचं, यावर जातात.

कुलकुल करायला साधारण वीस-बावीस तारखेला बसतात. गोड पिठाची बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची की तिला शंखासारख्या रेघा उमटतात. हजारभर गोळ्या असतात, म्हणून घरातली लहानथोर सगळी एका सतरंजीवर बसतात आणि गप्पा रात्रीपर्यंत चालतात. तुमच्या ओळखीच्या घरी बोलावलं तर जरूर जा. जाताना आपला एक काटा बरोबर न्या. अशा बैठकीत काटे नेहमीच कमी पडतात.