बदलापूरपर्यंत मुंबई

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एखादी जुनी पाटी शोधा. मालकाने ती पुन्हा रंगवून घेतलेली नसावी, गरज पडेल तसे आकडे वाढवत नेलेले असावेत. मधोमध सहा आकड्यांचा फोन नंबर. त्याच्या आधी, नंतर कधीतरी वेगळ्या रंगात कोंबलेला २. त्याच्याही आधी ०२५१, काही पाट्यांवर ९५२५१. खाली दहा आकडी मोबाइल नंबर, आणि आता काउंटरच्या काचेवर क्यूआर कोडचा स्टिकर. देशाच्या टेलिफोन क्रांतीबद्दल पुस्तकांत जे वाचायला मिळते, त्यातले बरेचसे या एका पाटीवर असते.

त्या कोंबलेल्या २ पासूनच सुरुवात करू. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेने ठरवले की कोड धरून प्रत्येक नंबर दहा आकडी हवा. मुंबईचा कोड २२, म्हणून तिथला नंबर आठ आकडी. आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्याचा कोड २५१, म्हणून इथला नंबर सात आकडी. बेरीज दोन्हीकडे दहाच. आधीचे शून्य यात मोजायचे नाही. ‘गावाबाहेर जायचे आहे’ एवढेच ते एक्स्चेंजला सांगते. सुरुवातीचा २ सरकारी कंपनीचा. आणि ९५? काही वर्षे राज्यातल्या राज्यात फोन लावताना शून्याच्या जागी ९५ लावत, म्हणून मुंबईकर उल्हासनगरला ९५२५१ ने गाठत. पुढे ती सोय बंद झाली आणि ९५ ने सुरू होणारे मोबाइल नंबर आले.

पण या पाटीत एक जुना वादही दडलेला आहे. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे मुंबईत की मुंबईबाहेर?

१ एप्रिल १९८६ ला एमटीएनएल ही सरकारी टेलिफोन कंपनी सुरू झाली. मुंबई, नवी मुंबई आणि ठाणे तिच्याकडे गेले. कल्याण गेले नाही. कल्याणला लागून असलेली आपली तिन्ही शहरे दूरसंचार खात्याकडेच राहिली आणि १ ऑक्टोबर २००० पासून बीएसएनएलकडे आली. म्हणजे लोकलचा पास व्हीटीचा, पगार मुंबईचा, आणि दादरच्या ऑफिसातून घरी ‘आज उशीर होईल’ एवढे सांगायचे तर आधी कोड फिरवायचा. तेही घरी फोन असला तर. अर्ज करून वर्षानुवर्षे थांबायचे, नाहीतर ‘ओन युअर टेलिफोन’ म्हणजे ओवायटी योजनेत आगाऊ पैसे भरून रांगेत पुढे सरकायचे. जोडणीचे पैसे भरा असे सांगणारी डिमांड नोट आली की गल्लीत बातमी व्हायची. त्याआधीच्या पिढीने ट्रंक कॉल बुक केले. त्यात ऑर्डिनरी, अर्जंट आणि साध्या कॉलच्या आठपट पैशांचा लायटनिंग कॉल, अशी उतरंड होती. निरोपाला किती घाई आहे त्यावर त्याची किंमत ठरायची, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही.

मग मोबाइल आला आणि त्याच्या परवान्यासाठी नवा नकाशा झाला. देशाचे तुकडे पाडताना ‘मुंबई’ या तुकड्यात मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणचे टेलिफोन क्षेत्र धरले गेले, आणि कल्याणच्या पोटात आपली तिन्ही शहरे आली. घरातला काळा फोन सांगत होता, तुम्ही परगावचे. खिशातला फोन सांगू लागला, तुम्ही मुंबईचे. नगरपालिका, विद्युत मंडळ, तालुका यांपैकी कोणीही आपल्याला मुंबई म्हटले नव्हते. ते पहिल्यांदा म्हटले एका परवान्याच्या परिशिष्टाने.

३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना भारतातला पहिला मोबाइल फोन केला. त्याच वर्षी मुंबईत बीपीएल आणि मॅक्स टच या मोबाइल सेवा सुरू झाल्या. मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे. लोक स्क्रीनवर नंबर पाहायचे, फोन कट करायचे आणि पीसीओ शोधायचे.

दर तर आपल्याला आठवतात. खरी थक्क करणारी गोष्ट हिशेबाची आहे, आणि ती कोणी फारशी सांगत नाही. तेव्हा एका कंपनीला जाण्यायेण्यासाठी प्रत्येकी साधारण साडेचार मेगाहर्ट्झ इतकीच लहरींची पट्टी मिळत असे. जीएसएम तंत्रात एका वाहिनीला २०० किलोहर्ट्झ लागतात, म्हणजे झाल्या २२ वाहिन्या. प्रत्येक वाहिनी वेळेच्या आठ कप्प्यांत वाटलेली. बावीस आठे एकशे शहात्तर. कुलाब्यापासून बदलापूरपर्यंत एकाच उंच टॉवरने काम चालवले असते, तर एका कंपनीच्या फक्त १७६ गिऱ्हाइकांना एका वेळी बोलता आले असते. २०११ च्या जनगणनेत एकट्या उल्हासनगरात, तेवढ्या तेरा चौरस किलोमीटरमध्ये, पाच लाखांवर माणसे होती.

या कोड्याचे उत्तर मोबाइलच्या कितीतरी आधी लिहून ठेवलेले होते. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये डग्लस रिंग या इंजिनिअरने एक टिपण लिहिले. शहराचे षट्कोनी तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला छोटा, मंद आवाजाचा टॉवर द्या, आणि एका तुकड्यातल्या लहरी थोडे अंतर सोडून पुन्हा वापरा. त्याच सुमारास कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सिंधमधून उठून आलेली कुटुंबे उतरत होती. दोन वर्षांनी, ८ ऑगस्ट १९४९ ला, त्या छावणीचे उल्हासनगर झाले. ते टिपण आणि ही छावणी एकाच काळातली, हा निव्वळ योगायोग आहे. पण गर्दीत जागा कशी करायची, हा प्रश्न दोन्हीकडे होता.

गणपतीत याचा अनुभव सगळ्यांनी घेतलेला असतो. एका चौकात दोन मंडळांचे कर्णे लागले की कोणाचीच आरती धड कळत नाही. दोन्ही आवाज उतरवून मधे चार गल्ल्या सोडल्या की दोन्ही आरत्या सुखाने होतात. टॉवरचे गणित हेच. माणसे वाढली की टॉवर आणखी जोरात बोलत नाही, हळू बोलतो, आणि टॉवर जवळजवळ उभे राहतात. नेटवर्क मिळत नाही म्हणून बोंब मारायची आणि सोसायटीच्या गच्चीवर टॉवर नको म्हणून सह्याही गोळा करायच्या, हा आपला आवडता उद्योग म्हणूनच हास्यास्पद आहे.

आता हे सगळे धावत्या गाडीत कसे जमते ते पाहू. अंबरनाथ सुटले की बदलापूरपर्यंत गाडी चांगला वेग घेते. ताशी ८० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. तुम्ही दारात उभे राहून बोलत आहात. जीएसएमचा फोन अशा वेळी सेकंदाला सुमारे दोनदा आजूबाजूच्या सहा टॉवरांचा आवाज मोजतो आणि खबर वर पाठवतो, म्हणजे दर दहा-अकरा मीटरला एकदा. अंबरनाथचा टॉवर क्षीण आणि पुढचा दमदार झाला की जाळे हुकूम सोडते: ही वाहिनी सोड, ती पकड. बदल सेकंदाच्या अंशात होतो. बोलणाऱ्याला कळतही नाही.

त्याहून नवलाची गोष्ट अंतराची. रेडिओलहर प्रकाशाच्या वेगाने जाते, एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर. आपल्याला तो वेग अफाट वाटतो. टॉवरला तो पुरत नाही. आठ जणांना वाटून दिलेला वेळेचा एकेक कप्पा जेमतेम ५७७ मायक्रोसेकंदांचा असतो. लांबच्या फोनचा आवाज जरा उशिरा पोहोचला तर तो शेजाऱ्याच्या कप्प्यात घुसतो. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सांगत राहतो: तू इतका लांब आहेस, तेवढे आधी बोल. जीएसएममध्ये ही दुरुस्ती साधारण ५५० मीटरच्या पायऱ्यांनी होते. ४जीमध्ये पायरी आली ७८ मीटरवर. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास लांब. टॉवर रुळांच्या सरळ रेषेत असेल तर पुढच्या डब्यातल्या आणि मागच्या डब्यातल्या फोनमध्ये तीन पायऱ्यांचा फरक पडतो. तोही गाडी धावत असताना क्षणोक्षणी बदलतो. हे काम बिनबोभाट चालू असते, आणि आपण मात्र ‘हॅलो, आवाज येतोय ना?’ म्हणून ओरडत असतो.

दरांची कहाणी थोडक्यात आटोपते, कारण ती सगळ्यांनी जगलेली आहे. २००३ च्या मेपासून येणारा फोन फुकट झाला. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट हातात ठेवला. मिस्ड कॉल ही स्वतंत्र भाषा झाली: अंबरनाथहून एक रिंग म्हणजे चहा टाका. मार्च २००६ मध्ये सरकारी कंपन्यांच्या वनइंडिया योजनेत मिनिटाला एक रुपयात देशभर बोलता येऊ लागले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि बोलण्याला वेगळे पैसे मोजणे संपले. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले, त्याचा क्यूआर कोड आता भाजीच्या हातगाडीवरही आहे.

मोबाइल परवान्याच्या नकाशावरची ती नवी रेघ मात्र बरीच वर्षे जाणवत राहिली. बदलापूर मागे टाकून गाडी कर्जतच्या दिशेने लागली की मुंबईचे परवानाक्षेत्र संपून महाराष्ट्र-गोव्याचे सुरू होई, आणि फोन रोमिंगवर जाई. लहरीला हद्द कळत नाही, ती सीमेच्या अलीकडे-पलीकडे सांडते. त्यामुळे सीमेजवळचा फोन कधी या जाळ्यात, कधी त्या जाळ्यात. २००५ मध्ये मुंबई-महाराष्ट्र फोन स्थानिक धरायला सुरुवात झाली आणि २०१६-१७ च्या स्पर्धेत रोमिंगचे पैसे गेले, तेव्हा कुठे ही कटकट थांबली.

२७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस याच टापूत, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, उल्हास नदीच्या पुरात अडकली. चहूकडे पाणी, आत हजाराच्या वर प्रवासी. डब्यातून त्यांनी काढलेले व्हिडिओ दिवस वर येईपर्यंत घरोघरी पोहोचले होते. बोटी आल्या, हेलिकॉप्टर आले, गावकरीही धावले. साडेदहाशेच्या आसपास माणसे सुखरूप बाहेर आली. २००५ च्या २६ जुलैला याच नदीने याच गावांना बुडवले तेव्हा फोन लागत नव्हते आणि माणूस कुठे आहे ते दोन-दोन दिवस कळत नव्हते. ज्यांनी दोन्ही पाहिले आहे, त्यांना चौदा वर्षांत काय बदलले हे वेगळे सांगावे लागत नाही.

हा फोन बिघडला की काय होते ते पाहायला उल्हासनगरच्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यातही थोडा वेळ उभे राहावे. फोन बंद, बोर्डावर कुठेतरी शॉर्ट. बोर्ड नखाएवढ्या आणि त्याहून बारीक भागांनी गच्च भरलेला. नेमका कोणता भाग गेला ते डोळ्यांना दिसत नाही. कारागीर सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर राळ जाळतो आणि तिचा धूर बोर्डावर धरतो. बोर्डावर पांढुरकी साय चढते. मग तो बोर्डाला बेताचा करंट देतो. बिघडलेला भाग तापतो, तिथली राळ वितळते, आणि त्या पांढऱ्या थरात तेवढाच एक ठिपका स्वच्छ होतो. चिमट्याने भाग उचलायचा, नवा बसवायचा, नाहीतर जंपर मारायचा. ज्या चिपमध्ये अब्जावधी ट्रान्झिस्टर आहेत, तिच्या शेजारचा बिघाड झाडाच्या चिकाच्या धुराने सापडतो. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. एका गाळ्यातला पोरगा दुसऱ्या पोराला शिकवतो. ज्या गावाने ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद स्वतःवरच मिरवला, त्याला हे जमले यात आश्चर्य नाही.

इथे एक स्पष्ट बोलले पाहिजे. फोन आला, पण आयटी उद्योग या तीन शहरांत आला नाही. अंबरनाथची एमआयडीसी रसायनांची आणि इंजिनिअरिंगची राहिली. संगणकांवरच्या नोकऱ्या नवी मुंबईत ऐरोली-महापेच्या बाजूला गेल्या आणि डेटा सेंटरेही तिकडेच उभी राहिली. २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाल्यावर आपली मुले रोज ठाण्याला गाडी बदलून तिकडे जाऊ लागली. बदलापुरात घर परवडते म्हणून प्रोग्रामर राहतो, आणि प्रोग्राम लिहायला दीड तास उभा राहून जातो. मुंबईचे सिग्नल आपल्याला मिळाले, मुंबईचे काम मिळाले नाही. लहरीला जे केव्हाच जमले ते नियोजनकारांना अजून जमलेले नाही, असे माझे मत आहे.

परवान्यांच्या हिशेबात देशाचे आजही २२ तुकडे आहेत. २०२२ मध्ये ५जीच्या लहरींचा लिलाव झाला तोही त्यांच्याच हिशेबाने. त्या यादीत मुंबई वेगळी आहे, आणि बदलापूर अजून तिच्यातच मोजले जाते.