तुळईला भोक, घराला धोका?

बालमित्रांनो, तुमच्या आजोळी जुना वाडा आहे का? असेल तर येत्या सुट्टीत एकदा मान वर करून छताकडे नीट पाहा. आपल्या मराठवाड्यात, पैठणसारख्या जुन्या गावांत, अजूनही माळवदाची घरं दिसतात. जाड लाकडी खांब, खांबांवर आडवी तुळई, तुळईवर ओळीने टाकलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. वाडा दोन मजली असेल तर खालच्या खोलीचं छत म्हणजेच वरच्या खोलीची जमीन!

अशा घरात नवी वायर किंवा नळाचा पाइप न्यायचा असला, की सुतारकाका कडीला गिरमिटाने भोक पाडायला निघतात. आजी लगेच म्हणते, "अहो, कडी कमजोर होईल, घर बसेल!" कोण बरोबर, आजी की सुतारकाका? उत्तर मोठं गमतीचं आहे. भोक कुठे पाडलं, यावर सगळं अवलंबून!

चला, एक छोटा प्रयोग करू. भांडी घासायचा जाड स्पंज घ्या. त्याच्या बाजूवर स्केचपेनने सारख्या अंतरावर उभ्या रेघा ओढा. आता दोन्ही टोकं धरून स्पंज असा वाकवा, की मधला भाग खाली झुकेल. रेघांकडे पाहा. वरच्या कडेला त्या जवळ आल्या, म्हणजे तिथला स्पंज दाबला गेला. खालच्या कडेला त्या लांब गेल्या, म्हणजे तिथला स्पंज ताणला गेला. आणि अगदी मधोमध? तिथलं अंतर होतं तेवढंच! मधला थर ना दाबला गेला, ना ताणला गेला.

ओझ्याखाली कडीचंही असंच होतं. खरं काम करतात वरच्या आणि खालच्या कडा. मधला भाग वाकण्याच्या कामात जवळजवळ सुट्टीवरच असतो. म्हणून उंचीच्या मधोमध आडवं भोक पाडलं तर फारसं बिघडत नाही.

किती बिघडत नाही, ते गणिताने पाहू. समजा, कडी 9 इंच उंच आहे आणि मधोमध 3 इंचांचं भोक आहे. म्हणजे भोक उंचीच्या एक तृतीयांश. वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनावर अवलंबून असतो. पूर्ण कडीचे 3 × 3 × 3 = 27 भाग धरा. भोकाचा 1 × 1 × 1 = 1 भाग. गेला फक्त 1, उरले 26! शंभरात चारसुद्धा कमी झाले नाहीत.

आता तेवढंच 3 इंच लाकूड मधून न काढता खालच्या कडेची खाच पाडून काढलं तर? कडीची उंची उरली दोन तृतीयांश. 2 × 2 × 2 = 8. सत्ताविसातले एकोणीस भाग गेले! शिवाय सगळ्यात जास्त ताण सोसणाऱ्या रेषाच कापल्या गेल्या. खाचेच्या कोपऱ्यातून लाकूड चिरत जातं. म्हणजे खाच पाडणार असतील, तर आजीच बरोबर!

पण मधोमध म्हणजे कितीही भोकं पाडावीत असं नाही हं. वह्यांचा गठ्ठा वाकवून पाहा, वह्या एकमेकींवरून सरकतात. कडीतले थरही असेच सरकू पाहतात आणि त्यांना धरून ठेवण्याचं काम मधला थर करतो. भिंतीजवळच्या टोकांना ही सरकासरकी सर्वांत जास्त असते. म्हणून भोक टेकूजवळ नको, आणि दोन भोकं चिकटूनही नकोत. अमेरिकेत बरीच घरं लाकडी असतात. तिथल्या बांधकामाच्या नियमांत भोक कडीच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं नको, आणि वरच्या-खालच्या कडेपासून निदान 2 इंच दूर हवं, असं सांगितलं आहे.

निसर्गाला ही युक्ती आधीपासूनच ठाऊक आहे. बांबू पोकळ, पक्ष्यांची हाडंही पोकळ. गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या पुस्तकात याचा विचार केला होता. रेल्वेचा रूळ पाहा: वर जाड, खाली रुंद, मधे बारीक. लोखंड जिथे हवं तिथेच!

मग घरं पडतात कशाने? 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. तिथल्या कितीतरी घरांच्या भिंती दगड-मातीच्या, चांगल्या जाड होत्या. पण आतल्या आणि बाहेरच्या दगडांना जोडणारे लांब दगड त्यांत नव्हते. भिंती फुटल्या आणि जड माळवदं खाली आली. जिथे छताचं ओझं लाकडी खांब-तुळयांवर होतं, तिथे अनेक ठिकाणी भिंत ढासळूनही छत उभं राहिलं. म्हणून घराला हात लावण्याआधी ओझं कशावर आहे, ते ओळखायला हवं.

स्लॅबच्या घरात तर फारच जपावं. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. ताण सोसायला बीममध्ये सळया असतात. छिन्नीने बीम फोडला तर सळया उघड्या पडून गंजतात, कापल्या गेल्या तर बळच जातं. म्हणून पाइपाची जागा काँक्रीट ओतण्याआधीच ठेवतात. आणि खांब तर सगळाच्या सगळा दाबला जात असतो, त्याच्यात सुट्टीवरचा भाग नाहीच! आई-बाबांनो, घरात दुरुस्ती काढाल तेव्हा बीम-कॉलमला इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका.

आता तुमच्यासाठी काम. थर्माकोलच्या सारख्या दोन पट्ट्या घ्या, दीड फूट लांब, 3 इंच उंच, 1 इंच जाड. एकीला मधोमध 1 इंचाचं भोक पाडा, दुसरीला तिथेच खालून 1 इंचाची खाच. दोन खुर्च्यांवर उभ्या टेकवा, मधे कापडी पिशवी अडकवा आणि हळूहळू खडे टाका. कोणती आधी मोडेल, ते आधी वहीत लिहा आणि मगच खडे टाका बरं का!