गोठ्यात तयार झालेले अंतराळ



कार्टून बघताना आपल्याला वाटते, हे काम मोठ्या शहरात आणि मोठ्या यंत्रांवरच होत असेल. हल्ली बरीच कार्टून संगणकावर होतात हे खरे. पण अंतराळातल्या प्राण्यांची एक गमतीदार मालिका चक्क गुरांच्या जुन्या गोठ्यात तयार झाली. तिचे नाव 'क्लँगर्स'. ती कशी केली ते बघू या.

इंग्लंडमध्ये कँटरबरी शहराजवळ पीटर फर्मिन यांचे शेतावरचे घर होते. ते चित्रकार. त्यांचे जोडीदार ऑलिव्हर पोस्टगेट. ते गोष्टी लिहायचे, कॅमेरा चालवायचे आणि निवेदनही करायचे. वापरात नसलेल्या गोठ्यात दोघांनी आपले काम मांडले.

बीबीसीवर पहिला भाग लागला १६ नोव्हेंबर १९६९ रोजी. त्याच वर्षी जुलैमध्ये माणूस चंद्रावर उतरला होता. आणि गंमत बघा, १४ नोव्हेंबरला अपोलो-१२ हे यान निघाले होते. म्हणजे पोरे टीव्हीवर ही गोष्ट बघत होती तेव्हा खरी माणसे चंद्राच्या वाटेवर होती!

क्लँगर्स म्हणजे लांब नाकाचे, उंदरासारखे दिसणारे गुलाबी प्राणी. ते एका छोट्याशा ग्रहावर जमिनीखाली राहतात. बिळांवर पत्र्याची झाकणे. झाकण पडले की खण्णकन आवाज होतो. इंग्रजीत त्या आवाजाला 'क्लँग' म्हणतात, म्हणून हे नाव. त्यांच्या शेजारी एक ड्रॅगन राहतो, तो त्यांना हिरवे सूप देतो. सूप म्हणजे आपल्या सारासारखे समजा. आकाशात भंगाराच्या घरट्यात एक लोखंडी कोंबडी आहे. आणि एक नाव आहे, ती सुरांवर चालते. तिच्यात बसून छोटे क्लँगर अंतराळात फिरून येतात.

आता हे प्राणी केले कशाचे? लोकरीचे! फर्मिन यांच्या पत्नी जोन यांनी ते सुयांवर विणले. आपल्या आया स्वेटर विणतात तसेच. आत वाकणारा सांगाडा घातला, म्हणजे हात-पाय ठेवू तसे राहतात.

मग ते हलतात कसे? खरे तर ते हलतच नाहीत. बाहुली उभी करायची, एक चित्र घ्यायचे. हात थोडासा उचलायचा, पुन्हा चित्र. आणखी थोडा, पुन्हा चित्र. ही चित्रे भराभर दाखवली की आपल्या डोळ्यांना हात हलल्यासारखा वाटतो. ब्रिटनच्या टीव्हीवर तेव्हा सेकंदाला २५ चित्रे जायची. एक भाग साधारण १० मिनिटांचा, म्हणजे ६०० सेकंद. करा गुणाकार : ६०० × २५ = १५,०००. प्रत्येक चित्र दोन-दोनदा वापरले तरी ७,५०० वेळा बाहुली हलवायची! १९६९ ते १९७२ या काळात असे २६ भाग झाले. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे.

आवाजाची युक्ती तर फार छान. क्लँगर्स बोलत नाहीत, शिटी वाजवतात. जत्रेत मिळते ना, दांडी मागे-पुढे केली की सूर चढतो-उतरतो, तसली शिटी. पण उगाच पीं-पीं नाही हं. पोस्टगेट आधी प्रत्येकाचे बोलणे पूर्ण वाक्यांत लिहीत, मग त्याच चालीवर शिटी वाजे. राग, लाड, प्रश्न, सगळे सुरातून कळते.

पोस्टगेट एक किस्सा सांगत. त्यांनी युरोपातल्या टीव्हीवाल्यांना एक भाग निवेदनाशिवाय दाखवला. जर्मन लोक म्हणाले, हे तर उत्तम जर्मन बोलतात! दुसरा म्हणाला, छे, हे तर स्वीडिश बोलतात! खरे तर कोणी शब्दच बोलले नव्हते. आपल्या वर्गातही कोणाची घरची बोली वेगळी असते, कोणी नवीन मुलगा गप्प बसतो. त्याचे शब्द कळले नाहीत तरी सूर ऐकला तर मनातले कळते. हसण्याऐवजी ऐकावे.

पोस्टगेट २००८ साली वारले आणि फर्मिन २०१८ साली. पण २०१५ साली क्लँगर्सची नवी मालिका सुरू झाली, तीही बाहुल्या एकेक चित्राने हलवूनच केलेली.

आपणही करून बघू. जुन्या वहीच्या कोपऱ्यात पानापानावर एक उंदीर काढा, प्रत्येक पानावर थोडा वर सरकलेला. वीस पाने झाली की अंगठ्याने सर्रकन सोडा. उंदीर उडाला की नाही? लोकर, पत्रा, शिटी आणि रिकामा गोठा, यातले आपल्या गावात काय नाही? हवी फक्त चिकाटी.

— इयत्ता सातवी