टायरात हवा किती भरावी?

जळगावहून धुळे सुमारे ९० किलोमीटर. पाळधी, एरंडोल, पारोळा करत आम्ही सायकलीने निघालो, की चहाचे दोन थांबे ठरलेले आणि भांडणाचा विषयही ठरलेला. टायर जाड चांगला की बारीक? हवा टणक हवी की मऊ?

आमच्यातले डॉक्टर २३ मिलिमीटरच्या बारीक टायरवाले. त्यांचं म्हणणं, चाक दगडासारखं टणक हवं, तरच सायकल पळते. अप्पांची सायकल जुनी, काळी, २८ इंची. ते म्हणतात, "खान्देशातलं ऊन आहे हे, ट्यूब फुटेल. निम्मीच हवा ठेवा." मी मधला, ३५ मिलिमीटरवाला. म्हणजे दोघांच्या शिव्या खाणारा.

एका एप्रिलमध्ये मी अप्पांचं ऐकलं. धुळ्याला भाचीचा साखरपुडा होता. पारोळ्याच्या अलीकडे मागचं चाक एका खड्ड्यात आपटलं आणि बसलं. चार किलोमीटर सायकल हातात धरून चाललो. पंक्चरवाल्यानं ट्यूब घमेल्यात बुडवली, तर बुडबुडे शेजारी-शेजारी दोन ठिकाणी. तो म्हणाला, "काटा नही से हाऊ. हवा कमी व्हती." काट्यानं सहसा एकच भोक पडतं. हवा कमी असली, की ट्यूब खड्ड्याची कड आणि रीम यांच्यात चिमटते आणि दोन भोकं पडतात. मी पोचलो तेव्हा अंगठ्या घालून झाल्या होत्या. भाची आजही ऐकवते!

मग मी हिशेब मांडला. १८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर बसवला, तेव्हापासून आपलं वजन मुख्यतः हवाच पेलते. मी आणि सायकल मिळून ९० किलो. मागच्या चाकावर त्यातले साधारण ५४. टायरात दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो दाब असेल, तर टायर जमिनीला सुमारे साडेतेरा चौरस सेंटिमीटर टेकतो. दाब ६ किलो केला, तर ९. टायर जाड असो की बारीक, हिशेब जवळपास तोच. फक्त टेकणारा ठसा बारीक टायरचा लांबट उमटतो, जाड टायरचा आखूड आणि रुंद. ठसा आखूड असला, की टायर कमी दबतो. म्हणून दाब सारखा असेल, तर जाड टायर उलट हलका चालतो.

गुळगुळीत डांबरावर टणक चाक पळतं, हे डॉक्टरांचं खरं. पण खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर तेच चाक उड्या मारतं आणि आपली ताकद पुढे जाण्याऐवजी अंग हादरण्यात जाते. म्हणून तर शर्यतीतले सायकलपटूही २३ मिलिमीटर सोडून २५, २८ कडे वळले.

आता अप्पांचं ऊन. सावलीतला २७ अंशांचा टायर उन्हात तापून ५७ अंशांवर गेला, तरी ४ किलोचा दाब साडेचारच्या आसपास जातो. धड टायर तेवढं सहज सोसतो. फुटतो तो भेगा पडलेला, कडेला सुती दोरे दिसू लागलेला टायर. म्हणजे हवा निम्मी करण्यापेक्षा टायर बदलावा आणि सायकल सावलीत लावावी.

टायरच्या कडेवर दाबाची मर्यादा छापलेली असते. ती ओलांडू नये. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेवावी. वजनदार माणसानं थोडी वाढवावी, रस्ता खडबडीत असेल तर थोडी उतरवावी, पण रीम आपटेल इतकी नाही. आणि आठवड्याला एकदा तरी पंप हातात घ्यावा, कारण पंक्चर नसतानाही ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपतेच.

पैसे देताना मी त्या पंक्चरवाल्याला विचारलं होतं, "मग हवा नेमकी किती भरायची?" तो म्हणाला, "भाऊ, ते रस्ताले इचारा."

अप्पांना हे सगळं समजावलं. त्यांनी नवे टायर टाकले, हवाही पुरेशी भरू लागले. सांगतात मात्र, "मी हेच म्हणत होतो." डॉक्टर अजून २३ वरच आहेत. पुढच्या रविवारी एरंडोलच्या चहावर वाद पुन्हा सुरू होईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)