डब्यातला मटार, ताटातला मटार

‘डब्यातल्या भाजीत कसलं आलंय सत्त्व!’ हे वाक्य आपल्या घरांत इतक्या ठामपणे म्हटलं जातं, की ते पडताळून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. ती पडताळणी मटारापासूनच करू. 100 ग्रॅम ताज्या, कच्च्या मटारात साधारण 40 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. डब्यातल्या, पाणी निथळलेल्या मटारात जेमतेम 10. तुलना इथेच थांबवली तर डबा हरला. पण उसळीत आपण मटार कच्चा घालून खातो का? ताजा मटार उकडला की त्यातही 14 मिलिग्रॅमच्या आसपासच उरतं. डब्यातला मटार मुळात शिजलेलाच असतो, तो नुसता गरम करायचा. म्हणजे 30 मिलिग्रॅमचा फरक ताटात येईपर्यंत चार-पाचावर येतो. प्रथिनं आणि चोथा यांना तर उष्णतेचा फारसा धक्का लागत नाही.

जातं ते मुख्यतः पाण्यात विरघळणारं: क जीवनसत्त्व, फोलेट, काही पोटॅशियम. यातलं बरंचसं डब्यातल्या पाण्यात उतरतं आणि ते आपण मोरीत ओततो. शिवाय मंडईतली भाजी ताजीच, हेही गृहीत धरू नये. फ्रिजमध्ये आठवडाभर पडलेल्या पालकाचं क जीवनसत्त्व बव्हंशी निघून गेलेलं असतं.

टोमॅटोची गोष्ट तर उलटीच. त्याचा लाल रंग लायकोपीनचा. कच्च्या टोमॅटोत ते 100 ग्रॅममागे अडीच-तीन मिलिग्रॅम, तर डब्यातल्या घट्ट पेस्टमध्ये 25च्याही वर. यात पाणी आटल्याचा वाटा मोठा आहे, हे मान्य. पण शिजवल्याने पेशी फुटून लायकोपीन मोकळं होतं आणि शरीराला ते अधिक सहज घेता येतं. ते स्निग्ध पदार्थात विरघळणारं असल्याने आपली तेलाची फोडणी इथे कामाची ठरते. अमेरिकेतल्या डबाबंद लाल भोपळ्याचंही तसंच: घट्ट गरामुळे त्यात बीटा-कॅरोटीन कच्च्या फोडीपेक्षा जास्त भरतं. तिथे त्याचे घारगे करणाऱ्या मराठी घरांनी अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही.

‘दोन-दोन वर्षं टिकतं, म्हणजे औषधं घातलेली असणार’ हा समज सर्वांत चिवट. फ्रान्सच्या निकोला आपेरने अन्न डबाबंद करून टिकवण्याची पद्धत 1810 मध्ये पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा सूक्ष्मजंतूंमुळे अन्न नासतं हे सिद्ध करणारा लुई पाश्चर जन्मलाही नव्हता. आपेरने बाटल्या हवाबंद करून उकळल्या, एवढंच. आजही टिकवण्याचं काम उष्णताच करते. मटार, मका, मशरूम यांत आम्लता कमी; बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत, म्हणून हे डबे दाबाखाली 121 अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात. फुगलेला किंवा गळका डबा मात्र चव न घेता फेकायचा. तिथे काटकसर नको.

खरी काळजी करायची ती मिठाची, आणि नेमकं त्याबद्दल कुणी बोलत नाही. ताज्या मटारात 100 ग्रॅममागे सोडियम 5 मिलिग्रॅम. खाऱ्या पाण्यातल्या डबाबंद मटारात 250च्या पुढे, मशरूममध्ये 400च्याही वर जाऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅमची आहे. डब्यातले छोले, राजमा चाळणीत निथळून नळाखाली धुतले तर साधारण 40 टक्के सोडियम कमी होतं. धुताना थोडी जीवनसत्त्वंही जातात, तरी रक्तदाब असलेल्या घरात मी धुण्याच्याच बाजूने आहे. आणि भाजीत वरून मीठ घालण्याआधी चव बघावी.

मटाराच्या डब्यावरची घटकांची यादी मात्र वाचाच. पुष्कळ डब्यांत वाळवलेला वाटाणा भिजवून भरलेला असतो, कधी वरून हिरवा रंग दिलेला. त्यात प्रथिनं भरपूर, पण क जीवनसत्त्व वाळवतानाच गेलेलं असतं.